न थिजलेलं तेल

लालबागच्या त्या खोलीत मी पावणेदोन वर्षं राहिले. त्यातले पहिले पाच महिने रोज संध्याकाळी माझं डोकं मामीच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असायचं.

मी कामावरून आले की मामी देवापाशी दिवा लावायची आणि स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ टेकून पाटावर बसायची. समोर दुसरा पाट माझ्यासाठी. मी तिच्याकडे पाठ करून बसले की ती माझं डोकं मागे ओढून घ्यायची, गुडघ्यांनी दोन्ही बाजूंनी धरायची आणि तळहातावर खोबरेल तेल ओतायची. मग कपाळापासून हनुवटीपर्यंत तिचे हात फिरत राहायचे. हात खरखरीत होते, पण वजन बरोबर पडायचं. डोळे मिटलेले असायचे, कारण उघडले तर तेल आत जायचं. हलायचं म्हटलं तरी हलता येत नसे.

"घाटार ऱ्हवान तुझ्या तोंडाची रया गेली गो," ती म्हणायची. "आता बघ, महिन्याभरात कसा चकचकता ता."

घाटावरचं ते माझं गाव. माझी आई लालबागमध्येच वाढली, पण तिला दिलं घाटावरच्या एका छोट्या गावात, जिथे पिठाच्या गिरणीवर माझे वडील दळण दळतात. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला तो सांगितला. पुढे मुंबईत नोकरी मिळाली तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न आला आणि मामी फोनवर एवढंच म्हणाली, "पाठव तिका." मी येण्याआधी तिने पोटमाळ्यावरची वीस वर्षांची अडगळ एकटीने काढली होती. मामा सांगायचे, तीन दिवस तिला शिंका येत होत्या. माळ्यावर मला सरळ बसता येत नसे, छत डोक्याला लागायचं. पण मुंबईत झोपायला स्वतःची जागा होती आणि ती कुणीतरी माझ्यासाठी शिंकत रिकामी केली होती. अशा माणसाला, तुझं तेल नको, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि ते तेल काही साधं नव्हतं. मामीच्या माहेरून, सिंधुदुर्गातून, पोत्यातून नारळ यायचे. सुट्टीच्या दिवशी ती ते खवून, वाटून, दूध पिळून काढायची आणि मंद आचेवर तासन् तास आटवत बसायची. शेवटी पातेल्याच्या तळाशी करपट चोथा उरायचा आणि वर पाण्यासारखं तेल. ते गाळून ती कोकम सरबताच्या जुन्या हिरव्या बाटलीत भरायची. अख्ख्या मजल्यावर तिच्या तेलाचं नाव होतं. बाळंतिणीला, नव्या बाळाला, कुणाच्या केसांना, तिच्याकडूनच वाटी जायची.

नोकरीचं सांगायचं तर तीही तेलाचीच होती. लोअर परळच्या एका मॉलमध्ये चेहऱ्याला लावायच्या वनस्पती तेलांचं दुकान होतं. तिथल्या काउंटरवर मी उभी असायची. रसायनशास्त्राची पदवी आहे म्हणून मला घेतलं होतं. येणाऱ्या बाईची त्वचा बघायची, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि कोणतं तेल घ्यावं ते सांगायचं. पहिल्या आठवड्यात मला एक जाडजूड फाइल दिली गेली आणि मी ती परीक्षेसारखी पाठ केली. कोरड्या त्वचेला बदाम, तीळ, अर्गान. तेलकट त्वचेला जोजोबा, द्राक्षाच्या बियांचं. पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेला हलकं तेल, रात्री तीनच थेंब, तेही ओलसर चेहऱ्यावर आणि दाबून, चोळून नाही. नवं तेल घेतलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट बघायची, खाज आली तर सोडून द्यायचं. आणि एक ओळ मी स्वतः पेन्सिलने अधोरेखित केली होती: खोबरेल तेल कोरड्या, जाड त्वचेला मानवतं, पण तेलकट चेहऱ्यावर बऱ्याचदा छिद्रं बुजवतं.

ती ओळ वाचली तेव्हा माझ्या हनुवटीवर सात पुटकुळ्या होत्या.

दुकानाला खिडकी नव्हती. तिन्ही भिंतींना आरसे. कुठेही मान वळवली तरी माझाच चेहरा समोर यायचा, आणि दिवसेंदिवस तो बिघडत चालला होता. आधी हनुवटी, मग गाल, मग कपाळाची कड. गिऱ्हाईक बायका माझं बोलणं ऐकता ऐकता माझ्या गालांकडे बघायच्या. एकीने सरळ विचारलं, "तुम्ही स्वतः हे वापरता का?" मी हो म्हणाले. तिने बाटली परत ठेवली.

दिवाळीच्या आधी इन्चार्ज मॅडमने मला मागच्या छोट्या खोलीत बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, फक्त घाईत असायच्या.

"हे बघ, तुझं नॉलेज मस्त आहे. सगळ्यांपेक्षा जास्त आहे. पण कस्टमर आधी तुझा फेस बघतो ना यार. जानेवारीपर्यंत प्रोबेशन आहे तुझं. तोपर्यंत स्किन क्लिअर झाली तर काउंटर तुझा. नाहीतर मग शिवडीच्या गोडाऊनला पाठवतील, लेबलिंगला. तिथे माणसं टिकत नाहीत, मी आधीच सांगते."

मी मान डोलावली. गोडाऊनला टिकले नाही, तर मुंबईतलं माझं काम संपलं. मग गाव, गिरणी आणि वडिलांनी निकाल सांगितलेल्या त्या सगळ्या बायका.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा दिवा लागला होता आणि दोन पाट मांडलेले होते. मी खूप तयारी करून म्हणाले, "मामी, आज नको का तेल? दुकानात सांगितलंय, माझी स्किन तेलकट आहे."

"तेलाच्या दुकानात तेल लावू नको सांगतत?" मामी हसली. मग मामांकडे वळून, "ऐकलास? शिकान काय काय शिकतत ही पोरां!" मामांनी पेपरच्या आडून हूं केलं.

"तसं नाही, तिथली तेलं वेगळी असतात. एक तर झाडाच्या बियांचं येतं, काळपट हिरवं, फोडांवर लावायला. उंडी म्हणतात ना कोकणात, त्याच जातीचं."

"उंडीचा तेल? ता आमच्याकडे होडयेच्या लाकडाक लावीत." तिने माझं डोकं मागे ओढलं. "तोंडाक लावतत म्हणे! बस गो हय. विष लावतंय काय मी तुका?"

तिने विचारलं ते हसत. पण तिचा हात क्षणभर थांबला होता, आणि तो मला कपाळावर कळला. तेल गळ्यापर्यंत ओघळलं.

मी तिच्या नकळत चेहरा धुवायचा प्रयत्न केला. मोरी खोलीतच, पडद्यामागे. नळ सुरू केला की मामीचा आवाज, "काय गो, परत तोंड धुतंस? जिरूदे तरी!" चाळीत पाण्याचा आवाजही लपत नाही.

दिवाळीत आईने फराळाबरोबर एक पत्र्याचा डबा पाठवला. आमच्याकडे करडई पिकते, तिचं घाण्यावर काढलेलं तेल. मामीने भाजीला एकदा वापरलं, "चव नाय त्येका" म्हणाली आणि डबा ओट्याखाली सारला. दुसऱ्या दिवशी दुकानात मी नव्या मालाच्या बाटल्या मांडत होते. बोटाएवढी काचेची बाटली, ड्रॉपर लावलेली, सुंदर करड्या रंगाचं लेबल. तेलकट आणि पुटकुळ्यांच्या त्वचेसाठी. आत काय आहे ते मागे बारीक अक्षरात छापलं होतं आणि ते इंग्रजी नाव मी कॉलेजात शिकले होते. करडई. आमच्या घराच्या मागे काट्यांची उभी असायची ती. ती बाटली हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मॅडमने टाळी वाजवून मला हलवलं.

माझी सुट्टी मंगळवारी असायची. मामी सकाळपासून दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायला आणि भाजायला जायची. मामा कामावर. त्या मंगळवारी मी दाराला आतून कडी घातली, हिरवी बाटली उतरवली आणि तिच्यातलं मामीचं तेल एका रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. मग हिरव्या बाटलीत तीन भाग करडईचं तेल आणि वासापुरतं एक भाग मामीचं, असं मिश्रण केलं. प्रयोगशाळेत मोजायचे तसं डोळ्याच्या पातळीवर धरून. मामीच्या तेलाची बाटली माळ्यावर माझ्या ट्रंकेमागे लपवली. कुणाचं काही चोरलं नव्हतं, तरी चोरी केल्यासारखंच वाटत होतं.

संध्याकाळी मामीने तळहातावर तेल ओतलं, बोटांनी चोळून बघितलं.

"पातळ झालासा वाटता," ती म्हणाली. "ह्या वर्षी नारळ कोवळे होते." आणि तिचे हात कपाळावरून फिरू लागले.

महिन्याभरात माझ्या हनुवटीवरच्या पुटकुळ्या बसल्या. डिसेंबर लागला तेव्हा तिन्ही आरशांत एक साधा, नितळ चेहरा दिसत होता आणि मॅडम म्हणाल्या, "बघ, म्हटलं होतं ना मी!" मला वाटलं, सुटले.

सुटले नव्हते. मामीने माझी हनुवटी धरून मला गॅलरीत उजेडात नेलं आणि शेजारच्या काकूंना दाखवलं. "बघा. आठवतत कशी आलेली? ह्या माझ्या तेलाचा काम!" तेव्हापासून मजल्यावरच्या मुली वाट्या घेऊन यायला लागल्या. कॉलेजला जाणाऱ्या, लग्न ठरलेल्या, एक तर दहावीतली. मामी कुणाला नाही म्हणायची नाही. मंगळवार आला की मला आणखी करडईचं तेल मिसळावं लागायचं, नाहीतर तिने नवं खोबरेल काढलं असतं आणि त्या मुलींचे चेहरे माझ्यासारखे झाले असते. आईला फोन करून मी दुसरा डबा मागवला. "एवढं तेल खाता तिथे?" आई म्हणाली. आता आईशीही खोटं सुरू झालं.

आणि या सगळ्यात मामीचा चेहरा सुकत गेला. ती स्वतःलाही तेच तेल लावायची, माझं झालं की उरलेलं हातावरचं. रोज अर्धा दिवस तव्यासमोर उभी राहणारी बाई, तिची त्वचा मुळातच कोरडी. खोबरेल तेलानेच ती इतकी वर्षं टिकली होती. डिसेंबरच्या मध्याला तिच्या गालांवर पांढरे कोंड्यासारखे पापुद्रे दिसू लागले. हसली की ओठांच्या कडेला चीर जायची. फाइलमध्ये पहिल्याच पानावर होतं ते, कोरडी त्वचा, जड तेल. मी रोज दहा अनोळखी बायकांना ते सांगत होते. घरी येऊन त्याच हाताखाली डोळे मिटून बसत होते.

"वय झाला आता," मामी आरशात बघून म्हणाली.

"दुधाची साय लाव ना," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

जानेवारीत चार-पाच दिवस थंडी पडली. मुंबईत पडते तेवढीच, पण पहाटे गोधडी ओढून घ्यावी अशी. त्या सकाळी मी कामाला निघायच्या तयारीत केस विंचरत होते आणि गॅलरीत बायकांचा आवाज चढला. मी दारातून डोकावले. कठड्यावर तेलाच्या बाटल्या ओळीने उन्हात ठेवलेल्या. थंडी पडली की खोबरेल तेल थिजतं, पांढरं होतं. मग सगळ्याजणी बाटल्या उन्हात ठेवून ते पातळ करून घेतात. दर वर्षी असंच. प्रत्येक बाटलीत पांढरा गोळा होता. फक्त मामीच्या हिरव्या बाटलीत तेल खळखळ हलत होतं.

मी रसायनशास्त्र शिकलेली. खोबरेल तेल कोणत्या तापमानाला गोठतं हे मला बारावीपासून पाठ. आणि अडीच महिने ते मिश्रण करताना एकदाही माझ्या डोक्यात थंडी आली नव्हती, कारण आमच्याकडे करडईच्या तेलावर घर चालतं आणि ते कधी थिजत नाही.

शेजारच्या काकू बाटली उलटीसुलटी करून बघत होत्या. "काय हो वहिनी, तुमचं नाही थिजलं ते? माझं विकतचं, तेसुद्धा दगड झालंय."

"कायतरी असात," मामी म्हणाली.

"नाही, मी आपलं विचारते." काकूंनी पलीकडच्या बाईकडे बघितलं. "पामतेल-बिमतेल तर नाही ना घालत वाढवायला? पोरींना वाटत असता एवढं, पुरणार कुठून!"

कुणीतरी हसलं. मामीचा चेहरा मला दिसत होता. पापुद्रे आलेले गाल एकदम लाल झाले.

"माझ्या बापाशीच्या माडांचे नारळ आसत ते," ती म्हणाली. आवाज चिरकला. "वीस वर्षां ह्या मजल्यार तेल देतंय मी. तुमच्या नातवाक खयच्या तेलान चोळलेला?"

"रागावता काय, मस्करी केली."

मामीने मागे वळून मला बघितलं आणि हाताला धरून गॅलरीत ओढलं. "ह्या चेडू केमिस्ट्री शिकलेला आसा. तेका इचारा. सांग गो, चोख आसा काय नाय तेल?"

सात-आठ बायका माझ्याकडे बघत होत्या. मामीचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता, संध्याकाळी डोक्याला असायचा तसा. खरं बोलले असते तर मामी तिथेच सगळ्यांसमोर, भाचीने फसवलेली, आपल्याच बाटलीत काय आहे हे न कळलेली बाई ठरली असती. मी कंगवा मुठीत धरला.

"चोख आहे," मी म्हणाले. "घरी दूध आटवून काढलेल्या तेलात फॅटी अ‍ॅसिडचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून ते लवकर थिजत नाही. विकतच्या तेलाचं वेगळं असतं."

इंग्रजी शब्द ऐकून काकूंनी बाटली खाली ठेवली. "असं होय." पदवी घेतल्यापासून एखाद्या माणसाने माझ्या शब्दावर इतका चटकन विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. गावच्या शाळेत उन्हातान्हात सायकलवर येऊन विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या गुरुजींच्या विषयाचा मी पहिला जाहीर उपयोग केला तो हा.

त्या दिवशी दुकानात प्रोबेशन संपल्याचं पत्र हातात मिळालं. काउंटर माझा झाला होता. मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि आरशांकडे न बघता संध्याकाळ केली.

घरी दिवा लागला होता. दोन पाट. मामी खुशीत होती, सकाळची गोष्ट मामांना तिसऱ्यांदा सांगत होती. मी पाटावर बसले नाही. माळ्यावर चढले, ट्रंकेमागची बाटली काढली आणि खाली आणून तिच्यासमोर ठेवली. आतलं तेल पांढरंशुभ्र थिजलेलं होतं.

"हे तुझं तेल," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. मॅडम, शिवडी, करडई, मंगळवार. तिच्या गालांचंही सांगितलं.

मामीने बाटली उलटी धरली. एक थेंब पडला नाही. तिला ते बघायला आवडलं असं मला वाटलं, निदान क्षणभर. मामांनी पेपर खाली ठेवला होता.

"तेव्हाच सांगूक काय झाला तुका?"

"तू मला घरात घेतलंस, मामी. मला कसं..."

"मी काय तेल लावूक घेतलंय तुका घरात?"

ती बाटली दोन्ही तळहातांत धरून बसली. तळहातांच्या उबेने कडेचं तेल सुटलं, तेव्हा तिने ते बोटावर घेतलं आणि स्वतःच्या गालांना लावलं. सावकाश, आतून बाहेर. माझ्यासाठी मांडलेला पाट उचलून तिने भिंतीला उभा केला.

"आता ह्या भायर कोणाक सांगू नको," ती म्हणाली. "सकाळी तू सांगलंस ताच खरा."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर एका छोट्या वाटीत करडईचं तेल काढून ठेवलेलं होतं. "तुझा तू लाव." आणि पुढे ते तसंच राहिलं. माझ्या चेहऱ्याला तिने पुन्हा हात लावला नाही. रागाने नाही, जेवायला ती तितक्याच मायेने वाढायची. पण हात नाही. तीन थेंब, ओलसर चेहऱ्यावर, दाबून. फाइलीत लिहिलेलं सगळं मी अगदी बरोबर करते. चेहरा चांगला आहे.

आता मी दादरला दोन मैत्रिणींबरोबर राहते. मंगळवारी लालबागला जाते, कारण जावंच लागतं. मुली वाट्या घेऊन थांबलेल्या असतात. मामीने दोन बाटल्या केल्यात, एक हलकं तेल, एक जड. दोन्ही तिच्या नावाने चालतात. मी मुलींना उजेडात बसवते, त्यांचे गाल, नाकाच्या कडा बघते, कोपराला लावून बघायला सांगते आणि मामीला खूण करते. मामी त्याप्रमाणे वाटी भरते. हलक्या बाटलीत काय आहे ते आम्ही तिघांनी कुणाला सांगितलेलं नाही. चूक माझी, आणि तिचं नाव राखायचं तर ती मी अशीच चालवत राहायला हवी. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुली चांगल्या आहेत, तेलंही त्यांना मानवतात. तरी त्या खोलीत पाय टाकताना दरवाजा मागे बंद झाल्यासारखं वाटतं.

या थंडीत काकूंनी कठड्यावरची हलक्या तेलाची बाटली हलवून पुन्हा विचारलं, "हे नाही थिजलं गं. काय म्हणाली होतीस तू त्या वर्षी?"

मी दारातून आत मामीकडे बघितलं. ती पोळ्यांच्या कामावरून आलेली, गाल मऊ, चमकणारे. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी पुन्हा सगळं सांगितलं. फॅटी अ‍ॅसिड, दूध आटवणं, सगळं त्याच क्रमाने. यंदा जीभ अडखळलीही नाही.

"शिकलेला चेडू आसा ता," मामी आतून म्हणाली आणि वाट्या पुसायला लागली.